बर्गनची यादी माझ्याच पर्समध्ये राहिली

बायांनो, नॉर्वेच्या बर्गनला काय काय बघायचं ते तुम्हीच सांगितलं होतं. बंदरावरची जुनी लाकडी घरं, मासळी बाजार, डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे. मी सगळं कागदावर उतरवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, दोन दिवस लागले लिहायला.

आमच्याकडे प्रवासाआधी पासपोर्ट बुद्धमूर्तीपुढे ठेवतात. मी तिघांचे ठेवले, वर फुलं वाहिली. आज सकाळी ह्यांनी घाईघाईत उचलले. विमानतळावर काउंटरपाशी बाहेर काढले तर दोनच! ह्यांचा आणि लेकीचा.

मी इथलं, परदेशी माणसांना मिळतं ते राहण्याचं कार्ड पुढे केलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, चालणार नाही, पासपोर्टच पाहिजे. अ‍ॅमस्टेलव्हीनला घरी जाऊन परत यायला वेळ नव्हता.

हे माझ्यावरच डाफरले, "तुला कोणी सांगितलं होतं तिथे ठेवायला?"

"आणि तुम्हाला तीन मोजता येत नाहीत? इंजिनिअर ना तुम्ही?"

लेक म्हणाली, "आई, प्लीज! पीपल आर लुकिंग."

रागात मी म्हटलं, "जा तुम्ही दोघं."

आणि बायांनो, ते खरंच गेले. लेकीने दोनदा मागे वळून पाहिलं. ह्यांनी एकदाही नाही.

घरी येऊन बघते तर पासपोर्ट मूर्तीमागे सरकलेला, वर माझंच फूल.

आत्ता ह्यांचा मेसेज आलाय. "पोचलो. आधी काय बघायचं? यादीचा फोटो पाठव."

खरं सांगा, पाठवू का?