थांबामामा आणि मोठा पडदा

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ कुठे कोणतं ते मला चौथीतही कळलं नव्हतं. पुढे शाळाच सुटली. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घालाव्यात. एक शब्द मात्र मी न चुकता लिहीन. 'थांबा'. तो इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावरचा अनुस्वारसुद्धा मला पाठ आहे. तो शब्द माझ्या सासूबाईंच्या धाकट्या भावाचा. घरात आम्ही मागून त्यांना थांबामामा म्हणायचो. तोंडावर काही बोलायची सोय नव्हती, कारण आमच्या ह्यांना कलकत्त्यात नोकरी त्यांनीच लावली होती. त्या एका कामात ते कसे थांबले नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही.

मामा सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. जगातल्या प्रत्येक वस्तूतलं त्यांना कळत असे, फक्त ती विकत घेता येत नसे. तरुणपणी त्यांनी मुली पाहिल्या. याहून बरी मिळेल, थांबा, असं म्हणता म्हणता त्या सगळ्या आज्या झाल्या. सॉल्ट लेकला त्यांनी प्लॉट घेतला होता, तोही म्हणे कचेरीतल्या कुणी परस्पर त्यांचं नाव अर्जात घातलं म्हणून. त्यावर मामांच्या नावाची पाटी आणि पुरुषभर गवत. घराचा नकाशा अजून पसंत पडत नव्हता. स्वतः राहायचे सियालदहजवळ भाड्याच्या एका खोलीत, आणि पावसात कुणाच्या तरी छत्रीखाली शिरायचे. चांगल्या छत्रीची पारख फार थोड्यांना असते, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही बेहालाला राहत होतो. सासूबाई खुब्याचं हाड मोडून कायमच्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्याआधी त्यांचा एकही आठवडा सिनेमाशिवाय गेला नव्हता. बंगाली समजो न समजो, पदर खोचून जायच्या आणि रडून ताज्यातवान्या होऊन यायच्या. इथे जुनी माणसं सिनेमाला 'बोई' म्हणतात, म्हणजे पुस्तक. मला ते फार आवडे. माझ्यासारखीलाही वाचता येईल असं पुस्तक.

मग कलकत्त्यात टीव्ही आला. खालच्या मजल्यावरच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, लगेच एक लहानसा घेतला. बोईच्या दिवशी त्या मुद्दाम आवाज मोठा ठेवत आणि जिन्यातून सासूबाईंना ओरडून सांगत, "माशीमा, शुरू होलो!" सासूबाई पडल्या पडल्या ऐकत. मी खाली जाऊन दारात उभी राहायची, थोडं पाहायची आणि वर येऊन सांगायची, की आता ती नदीकाठी बसली आहे, आता त्याने तोंड फिरवलं. एकदा बौदींनी आपला टीव्ही उचलून वर आणला. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हृदय अशक्त म्हणून डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. त्या म्हणाल्या, "अगं, मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. मला माणसाएवढं तोंड दिसलं पाहिजे. एकदा दिसू दे, मग मी खुशाल मरते."

त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या पाटल्या विकल्या आणि पैसे मामांच्या हातात दिले. "बाळ, दुकानातला सगळ्यात मोठा आण. तुला कळतं त्यातलं."

मामांनी पैसे आतल्या खिशात ठेवले, बाहेरच्या खिशातून टेप काढला आणि पलंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. "थांबा. चोवीस इंची पडद्याला ही खोली पुरत नाही. डोळे जातील."

"अरे, ते गेलेच आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर. घाईनं घेतलेली वस्तू आयुष्यभर डोळ्यांत खुपते, ताई."

त्यानंतर दर रविवारी मामा येत आणि आठवडाभर पाहिलेल्या टीव्हींची वर्णनं करत. कुणाच्या लाकडाला पॉलिश बरं नाही. कुणाच्या पेटीच्या दाराची घडी नीट बसत नाही. एकाचा आवाज घोगरा, एकाचे पाय बारीक. मुलींमध्ये पूर्वी हेच दोष सापडले असतील, असं मला पोळ्या लाटताना वाटे. सासूबाई मात्र भावाच्या हुशारीने दिपून जात. "बघितलंस, बाळ किती पारखून घेतो!" घेतो! मी पोळी उलटायची.

एका शनिवारी त्यांनी मला धर्मतल्ल्याच्या दुकानात नेलं. "चल सूनबाई, बाईमाणसानंही पाहिलेलं बरं." दुकानदाराने मामांना पाहिलं आणि पोऱ्याला चहा सांगितलाच नाही. "आइए दादू. आज लेंगे, या आज भी सिर्फ दर्शन?"

लाकडी पेटीची दारं सरकली आणि आत बोई चालू होती. एक बाई खिडकीशी रडत होती. तिचं तोंड माझ्या तोंडाएवढं होतं. डोळ्यांतलं पाणी वेगळं दिसत होतं. मला सासूबाईंचा पलंग आठवला आणि मी जन्मात पहिल्यांदा मामांशी आपण होऊन बोलले. म्हटलं, "हाच घ्या ना."

मामांनी टेप काढून त्या रडणाऱ्या बाईच्या तोंडावरून तिरपा धरला. "यह तेईस है. चौबीस क्यों बोलता है?"

"बाकी लकड़ी के अंदर है, दादू. तोड़ के दिखाऊँ?"

गिऱ्हाइकं हसली. मामा ताठ मानेने बाहेर पडले. ट्राममध्ये मला म्हणाले, "पाहिलंस? थांबलो म्हणून वाचलो."

पुढे लोडशेडिंग वाढलं, तेव्हा वीज सुधारेपर्यंत थांबा. मग म्हणे अर्थसंकल्पात किंमत उतरणार आहे. मग कुणीतरी सांगितलं, रंगीत येणार. ह्यांना मी म्हणायची, पैसे मागून घ्या. हे म्हणायचे, "मामांकडे? कसे मागू?" सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्या माझ्यावरच चिडल्या. बाळला दुखवायचं नाही.

एक खोटं लिहिणार नाही. आल्या आल्या मामा बहिणीच्या पायाशी बसत आणि निघेपर्यंत पाय चेपत. त्या कामाला ते कधी थांबा म्हणाले नाहीत. पडून पडून बधिर झालेल्या त्या पायांना काही कळत नव्हतं, तरी चेपत.

शेवटच्या रविवारी सासूबाईंना बोलायलाही धाप लागत होती. मामा पाय चेपता चेपता सांगत होते, की रंगीत पडद्यात रक्त लाल दिसतं, साडी हिरवी. आणखी थोडी कळ काढ.

"बरं," त्या म्हणाल्या. "थांबते."

गुरुवारी गेल्या. खाली बौदींनी कितीतरी दिवस टीव्ही लावला नाही.

तेरावा झाल्यावर मामा आले. आत आले नाहीत. रिकामा पलंग दारातून दिसत होता, तिकडे पाठ करून उभे राहिले आणि मला पाकीट दिलं. "ताईचे पैसे. पूर्ण आहेत. बघ, घाई केली नाही म्हणून शाबूत राहिले." आवाज जरा फाटला होता, तरी हे बोललेच. "निघतो. बस चुकेल."

"थांबा, मामा," मी म्हटलं.

ते थांबले. मी पाकीट उघडलं, उंबऱ्यावर बसले आणि बोटाला थुंकी लावून एकेक नोट मोजू लागले. मध्येच 'चुकले' म्हणाले आणि पहिल्यापासून मोजलं. चुकले नव्हते. रस्त्यावरून त्यांची बस गेली, तिचा आवाज दोघांनीही ऐकला. एक नोट दुमडलेली होती, ती सरळ केली. मामा भिंतीला हात टेकून उभे होते.

पैसे पूर्ण भरले. तसं मी त्यांना सांगितलं.