भाऊ ‘लाव’ म्हणाला तेव्हा

माझ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला आता दीड वर्ष होत आलं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता राहिला आणि बोलणं विस्कटलं. मुका झाला नाही तो. शब्द यायचे, पण भलतेच. पाणी हवं असलं की ‘चप्पल’ म्हणायचा. वहिनीला ‘मास्तर’ म्हणून हाक मारायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे हो आणि नाही यांची अदलाबदल झाली होती. जेवतोस का विचारलं की ‘नाई’ म्हणत पाटाकडे सरकायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं की त्याला कळतं सगळं, फक्त तोंडापर्यंत येता येता शब्द बदलतो. आपल्या तोंडून काय निघालं हे कधी त्याच्या लक्षात यायचं, कधी यायचं नाही.

त्याचं सौंसरला घराला लागूनच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाआधी मी त्या दुकानात बसायची. सोल्डरिंग मला तिथंच आलं, आणि बरं यायचं. पण भाऊ माझ्या हाती फक्त ट्रान्झिस्टर द्यायचा, सेलवर चालणारे. विजेवर चालणाऱ्या, काचेच्या नळ्यांसारख्या व्हॉल्वच्या जुन्या सेटजवळ मला फिरकू देत नसे.

‘‘त्याले हात लावाचा नाई,’’ तो म्हणायचा. ‘‘बटन बंद केलं, पिन काढली, तरी कंडेन्सर पोटात करंट धरून बसते. मेला समजून हात लावशील अन् तूच मरशील.’’

एकदा त्यानं मला मुद्दाम दाखवलं. बंद सेटमधल्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला. भाऊ हसला. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पुढे लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, शाळेत लागले, निवृत्तही झाले. पण मिक्सरची पिन काढल्यावरसुद्धा मी थोडी थांबूनच भांड्याला हात लावते.

झटका यायच्या आधी भावानं नागपूरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून ज्यूकबॉक्स आणला होता. कपाटाएवढी गाण्याची पेटी. पुढे काच, आत गोल मांडलेल्या तबकड्या. बटण दाबलं की पेटी हवी ती तबकडी स्वतःच उचलून वाजवायची. संत्र्याच्या पिकअपमध्ये उभी करून आणली होती. त्यानं तिचा अ‍ॅम्प्लिफायर काढून टेबलावर उलटा ठेवला, जुने सुकलेले कंडेन्सर बदलायचे म्हणून नवे मागवले, एकेका पुडीवर पेन्सिलीनं आकडे लिहिले. आणि त्याच आठवड्यात झटका आला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. ‘‘बाई, हे त्या पेटीपुढून उठूनच नाही राहिले. भंगारवाल्याले बोलावलं होतं मी, तर असे ओरडले का तो हातगाडी घेऊन पळाला. तुम्ही या एकदा. तुमचं ऐकतात.’’

मी गेले. भावानं मला टेबलाजवळ नेलं, डाव्या हातानं सोल्डरिंगचं यंत्र उचललं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. त्याला काय हवं ते मला कळलं.

‘‘भाऊ, हा व्हॉल्वचा आहे. तूच नाही म्हणायचास.’’

‘‘नाई, नाई,’’ तो म्हणाला आणि मान जोरात होकारार्थी हलवली.

मी नकार द्यायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांत झटक्यानंतर पहिल्यांदाच कशाची तरी घाई दिसत होती. शिवाय पेटी वर्षभर बंद होती. आत करंट असण्याचं कारण नव्हतं. तरीही पहिला कंडेन्सर कापताना मी रबरी चपला घातल्या, आणि दोन्ही हातांतून करंट छातीत जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे धरला. काही झालं नाही. जुन्या कंडेन्सरचं मेण वितळून बोटांना चिकटलं, एवढंच.

मग मी दर दोन-तीन दिवसांनी दुपारच्या बसनं सौंसरला जाऊ लागले. भाऊ डाव्या हातानं दाखवायचा, मी बदलायची. त्याच्या शब्दांवर चालायचं नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पंजा टेबलावर सपाट ठेवला की थांब. बोटानं टकटक केलं की कर. ते त्याला नीट जमायचं. एकेक जुना कंडेन्सर निघत गेला, नवा बसत गेला. बसमध्ये संत्र्याच्या बागा मागे पडायच्या आणि मी मनात घोकत राहायची, सपाट म्हणजे थांब, टकटक म्हणजे कर.

दोन किरकोळ कंडेन्सर तेवढे राहिले होते, तेव्हा करंट देऊन बघायचा दिवस आला. भावानं खुणांनीच सगळं मांडून घेतलं. मोठे व्हॉल्व बाजूला काढून ठेवले, यंत्राला करंट पुरवणारा एकच बसवला. मध्ये बल्ब जोडला; आत काही बिघडलं असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचतं. मी पिन लावली. बल्ब लख्ख पेटला, मग हळूहळू मंदावला. मीटरच्या तारा टेकवल्या तर व्होल्टचा आकडा चढत गेला. शंभर. दोनशे. तीनशे चाळीस. भाऊ बोटानं टेबलावर ताल धरल्यासारखा टकटक करत होता.

तेवढ्यात मला दिसलं की मीच लावलेल्या एका कंडेन्सरची एक तार सुटली आहे. माझाच जोड कच्चा राहिला होता. मी पिन काढली. बल्ब विझला. मीटरच्या तारा बाजूला ठेवल्या आणि पुढे वाकले.

‘‘लाव,’’ भाऊ म्हणाला. ‘‘लाव हात. काई नाई होत.’’

इतकं स्वच्छ! वर्षभरात त्याच्या तोंडून असं सलग वाक्य मी ऐकलं नव्हतं. माझे डोळेच भरून आले. बोलला, माझा भाऊ बोलला, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या पंज्याकडे मी बघितलं नाही. बोट पुढे केलं.

मग खुर्ची कोसळल्याचा आवाज आला आणि माझ्या मनगटावर काहीतरी आदळलं. भावानं अंग झोकून दिलं होतं. डाव्या हातानं माझा हात उडवला आणि तो स्वतः टेबलाच्या कडेवर आपटून खाली पडला. पडल्या पडल्या त्याचा डावा पंजा फरशीवर थापट्या मारत होता. सपाट. पुन्हा सपाट. आणि तोंडानं चाललं होतं, ‘‘लाव, लाव, लाव.’’

वहिनी धावत आली. ‘‘काय केलं! काय झालं ह्यायले?’’

भावाचं कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईतून डोळ्यात उतरत होतं. दुसरा झटका तर नाही? आम्ही दोघींनी त्याला भिंतीला टेकवून बसवलं. मी म्हटलं, भाऊ, डावा हात वर कर. केला. हस. तो हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. तोंड आणखी वाकडं झालं नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन टाके घातले, रक्तदाब बघितला आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले.

ते गेल्यावर मी टेबलाकडे वळले. कशासाठी ते माहीत नाही. मीटरच्या तारा लांबून टेकवल्या. पिन काढून पाऊण तास होऊन गेला होता. मोठे व्हॉल्व जागेवर नव्हते, त्यामुळे साठलेला करंट जायला वाटच नव्हती. आकडा होता दोनशे साठ.

वहिनी दारातून म्हणाली, ‘‘बाई, आता पुरे. हे उद्या भंगारात जाते.’’

‘‘जाऊ द्या,’’ मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

मी दोन आठवडे सौंसरला गेले नाही. पांढुर्ण्याच्या घरी दिव्याचं बटण दाबतानाही बोट अडायचं. रोज फोन वाजला की वाटायचं, भावाचंच काही. शेवटी तसा फोन आलाच. वहिनीचा आवाज बारीक झाला होता. ‘‘बाई, मी पेटी देऊ नाही शकली. अन् आता हे एकटेच डाव्या हातानं करून राहिले. पिन लपवली तर दुसरी काढतात. मले भेव वाटते. याच तुम्ही.’’

माझ्या जिवाची भीती एकीकडे आणि भावाच्या जिवाची दुसरीकडे. दुसरी मोठी निघाली.

या वेळी मी माझे नियम घेऊन गेले. वहिनी पिनेजवळ उभी राहील, पिन तिच्या हातात राहील. मी आधी मीटर लावीन, आकडा मोठ्यानं वाचीन, मग तारेला जोडलेल्या, करंट जिरवणाऱ्या रजिस्टन्सनं साठलेलं उतरवीन आणि पुन्हा वाचीन. भावाचं न तोंड ऐकायचं, न हात बघायचा. त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, पण मी नियम बदलला नाही.

पहिल्यांदा करंट उतरवला, मीटरवर शून्य आलं. मी सोल्डर गरम केला, पुन्हा मीटर लावला, तर अठरा. वहिनीनं पिन छातीशी धरली. ‘‘बाई, पिन माह्या हातात आहे!’’

अठरानं माणूस मरत नाही. पण ज्याला मी रिकामा केला तो आपोआप भरत होता, आणि माझ्या हातून सोल्डरचा थेंब साडीवर पडला. भावानं मात्र खूण केली : रजिस्टन्सची तार जोडून ठेव, काढू नको. हे मी ऐकलं. त्या तारेनं आकडा पुन्हा वर आलाच नाही.

सुटलेला जोड पक्का केला. राहिलेले दोन कंडेन्सर बदलले. त्याला आणखी चार फेऱ्या लागल्या. शेवटी ती तार काढली, मोठे व्हॉल्व परत लावले, अ‍ॅम्प्लिफायर पेटीत बसवला, मागची फळी स्क्रूनं आवळली आणि वहिनीनं पिन लावली. घूं असा आवाज आला. आम्ही दोघी दारापर्यंत मागे सरकलो. भाऊ जागेवरून हलला नाही. त्यानं बटण दाबलं, तबकडी उचलणारा पेटीच्या आतला हात खडखडत फिरला, तबकडी आडवी झाली आणि एका बाईचा आवाज आला, खरखरीत, थोडा संथ, पण आवाज. भाऊ रडला की हसला ते सांगता येत नाही. झटक्यानंतर त्याचा चेहरा दोन्हीला सारखाच होतो.

आता पेटी त्यांच्या बैठकीत आहे. सहा-सात तबकड्या धड वाजतात. वहिनी चार वाजता चहा ठेवते आणि एखादी लावते. गाण्याबरोबर भाऊही काही ओळी म्हणतो, आणि गाण्यातले शब्द त्याच्या तोंडून सरळ येतात. डॉक्टर म्हणतात, असं होतं. ‘हो’ आणि ‘नाई’ मात्र अजून जागेवर आलेले नाहीत.

मी गेले की ऐकते, दारात उभी राहून. वहिनी म्हणते, बसा न बाई. मी म्हणते, बसते. पेटीच्या आत दिवे पेटलेले असेपर्यंत मला बसवत नाही.