फोटोंच्या वहीचा शेवटचा कोपरा

माझं माहेर देगलूरकडं आणि सासर राहुरीजवळ. मधे तीन एस.ट्या बदलाव्या लागायच्या. सातवीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न झालं, आणि त्यानंतर भावाचं प्रत्येक पत्र एकाच ओळीनं संपायला लागलं : 'माय नीट जेवत नाही. म्हणते, लेकरू फार लांब टाकलं.'

मी उलट लिहायची, मी सुखात आहे. त्यावर उत्तर यायचं, 'माय म्हणते, सासूनं समोर बसून लिहून घेतलं असेल.'

माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, अक्षरसुद्धा ओळखता येत नव्हतं. मी जेवायला बसले की तव्यावरची भाकरी आधी माझ्या ताटात टाकणारी बाई ती. पण हे मायला पत्रातून कसं पटायचं? ती तिकडं उपाशी असेल या विचारानं मला इकडं घास जाईना. शेवटी ठरवलं, फोटोंची वही करून पाठवायची. डोळ्यांनी बघितलं की खोटं कसं म्हणेल?

आमचे मालक, आत्याबाईंचा लेक, कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला होते. तिथल्या एका विद्यार्थ्यानं एका रविवारपुरता कॅमेरा दिला, रोल भरून. त्या काळी आमच्याकडं कॅमेरा घरी येणं म्हणजे पाहुणाच. आत्याबाईंनी अंगण सारवून ठेवलं.

"आई, हसा की जरा," मालक म्हणाले.

"कशाला? तिच्या मायला वाटंल, माझ्या लेकीला हसत्यात."

मग त्यांनी गाईचा फोटो काढायला लावला. "पोरगी दूध पिते ते कळू दे तिकडं."

"गाईच्या फोटोत ते कसं दिसंल?"

"मग पिताना काढ. सगळं मीच सांगू व्हय?"

मी गाईशेजारी उभी राहून पेला तोंडाला लावला. गालही फुगवले, म्हणजे तब्येत भरलेली दिसेल. तो फोटो आजही कुणी बघितला की विचारतं, दाढ सुजली होती का?

रोल धुऊन आला तेव्हा कळलं, मालकांना दिवसभर रोपांचे बुंधे बघायची सवय. आत्याबाईंचे सहा फोटो, सहाही मानेच्या खाली. लुगडं ओळखू येत होतं, एवढंच. मालकांचा एकच फोटो होता, मी काढलेला. त्यात मात्र डोकं होतं.

निवडून निवडून चौदा फोटो निघाले. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मी सुतळी-दाभणानं शिवली, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा वरून लावला. फोटो खळीनं चिकटवू नका, खराब होतात, असं त्या विद्यार्थ्यानं सांगितलं होतं. प्रत्येक फोटोच्या चार कोपऱ्यांना जाड कागदाच्या त्रिकोणी टोप्या करायच्या आणि फक्त टोप्या चिकटवायच्या. आता माझी लेक मोबाईलमधले फोटो छापून घेऊन घरी अशीच वही करते, पण तिला टोप्या बाजारात तयार मिळतात. मी त्या जुन्या लग्नपत्रिका कापून केल्या. शेवटचा फोटो मालकांचा. त्याला तीन टोप्या झाल्या आणि पत्रिका संपल्या.

फळीवर एक कोरं पोस्टकार्ड होतं. जाडी अगदी बेताची. मी कात्रीनं त्याचा कोपरा कापला, घडी घातली, चौथी टोपी झाली.

वही पार्सल करायला मालक बाजाराच्या दिवशी राहुरीला जाणार होते. तोवर घरी कळवावं म्हणून मी कार्ड लिहायला घेतलं. घरात कार्ड तेवढं एकच. कोरं होतं, वाया कशाला घालवायचं? मी लिहिलं : 'माय, आता रडू नको. आता काळजी करायचं काही कारणच उरलं नाही...' पुढं वहीचं सगळं लिहिलं होतं.

आमच्या मुलखात मयताची बातमी कोपरा फाडलेल्या कार्डावर येते. तसलं कार्ड घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी असली कार्डं मी स्वतः वाचून दाखवलेली आहेत. पण फोटोच्या टोप्या करताना माणसाला मयत कुठं आठवतं?

पुढचं भावानं नंतर सांगितलं. त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून माझ्या पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मायनं हंबरडा फोडला. शेजारच्या काकानं रीतीप्रमाणं कार्ड हातातून घेऊन फाडलं. अक्षर माझं, म्हणजे मी जिवंत. मग गेलं कोण, हे कुणाला वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. फाट्याकडून रडणं ऐकू आलं. माय पुढं, भाऊ मागं. आत्याबाईंनी सूप टाकलं, धावत गेल्या आणि मायच्या गळ्यात पडून तिच्याहून मोठ्यानं रडायला लागल्या.

"कसं झालं गं हे, विहीणबाई!"

"सोन्यावानी होतं गं माझं!"

"लई सोन्यावानी होतं गं!" आत्याबाईंनी साथ दिली.

मी गोठ्यातून पळत आले. वाटलं, माझे वडील, आमचे अण्णाच गेले. मीही गळा काढला. तेवढ्यात हातात भाकरीचा तुकडा घेऊन मालक दारात आले. "कोण गेलं?"

मायचा आवाज मधेच बंद पडला. तिनं त्यांच्याकडं बोट केलं. "हे... जेवायलेत?"

आत्याबाईंनी डोळे पुसले. "मग? जेवू नये का? तुमच्याकडं कोण वारलं ते तरी सांगा."

"आमच्याकडं? अहो, तुमच्याकडं!"

उलगडा झाल्यावर आत्याबाई मला चांगल्याच बोलल्या. "माझ्या जित्या लेकाला कात्री लावली हिनं!" आणि बोलता बोलता साखर जास्त टाकून मायला चहा दिला.

माय चार दिवस राहिली. वही बघितली, बिनडोक्याची विहीणबाई बघून पोट धरून हसली. मालकांच्या फोटोची ती चौथी टोपी मात्र तिनं उपटून चुलीत घातली. एस.टी.ला बसताना मी विचारलं, "आता तरी जेवशील ना?"

ती म्हणाली, "कोण मेलं ते न विचारता तुझी सासू माझ्यासंगं रडली. मला आणिक काय बघायचंय?" तरी वही काखेत घट्ट धरली होती.

पंधरा दिवसांनी भावाचं कार्ड आलं. 'जावयांचा फोटो एका कोपऱ्यानं लोंबत होता, म्हणून मायनं तो सुईदोऱ्यानं शिवून टाकला. आता हलत नाही. माय दोन्ही वेळा जेवते.' कार्डाचे चारी कोपरे शाबूत होते आणि चारींना हळदकुंकू लावलेलं होतं. आत्याबाईंनी आधी ते कोपरे मोजले, मगच मला कार्ड घेऊन आत येऊ दिलं.