वॉल्व्ह दोनदा का तपासतात?

माझी पत्नी मंगळवारी सकाळी गेली. मुलगी आणि मी हॉस्पिटलमधून घरी आलो. चौदाव्या दिवशी मी कामावर गेलो.

टेक्सासमधल्या शुगर लँडजवळच्या एका कारखान्यात तेलवाहिन्यांचे वॉल्व्ह दुरुस्त होत. तिथल्या संगणक विभागात मी होतो. २००६चा उन्हाळा. प्रोसेस मायनिंग हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता. मी युरोपातल्या संशोधकांचे लेख वाचून तो नाद लावून घेतला होता. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपलं, याच्या नोंदी संगणक ठेवतोच. त्यांवरून काम खरोखर कोणत्या वाटेनं जातं ते शोधायचं. साहेबांनी सहा आठवडे दिले होते. त्यातले तीन हॉस्पिटलात आणि सुतकात गेले. काही निघालं नाही तर प्रयोग बंद, आणि माझी नोकरी त्या प्रयोगावरच होती. नोकरी गेली की व्हिसा जाणार. मुलीला शाळेचं शेवटचं वर्ष इथेच, आईनं मांडलेल्या घरात राहून पुरं करायचं होतं. दुसरं काही तिनं मागितलं नव्हतं.

माझा सहकारी नागपूरचा, वयानं बराच लहान. मी नसताना त्यानं दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी घालून कामाच्या वाटांचा नकाशा काढला होता. भिंतभर शेवया सांडल्यासारखा दिसत होता.

"काका, सगळं आहे यात."

"कळतंय काय?"

"कळत काहीच नाही यार. पण सगळं आहे."

दोष त्याचा नव्हता. काय हवं, असं मी सुरुवातीला साहेबांना विचारलं, तेव्हा ते "सगळं दाखवा" म्हणाले. मी तेच लिहून घेतलं. पहिल्या बाकावर बसून शिकलेल्यांची ही खोड: सांगतील ते उतरवायचं, उलट विचारायचं नाही.

संध्याकाळी कुकर लावताना मुलीला हे सांगितलं.

"सो व्हॉट डू दे वॉन्ट टू नो?"

"सगळं."

"बाबा, दॅट्स नॉट अ क्वेश्चन."

मग मराठीत म्हणाली, "आईनं तुला वेड्यात काढलं असतं." आम्ही दोघंही हसलो. त्या दिवसांतलं ते पहिलं हसू.

दुसऱ्या दिवशी मी खाली कारखान्यात गेलो. दाबाखाली वॉल्व्ह तपासणाऱ्या बाई तिथे सगळ्यांत जुन्या.

"वरचा एसी बंद पडला की काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला कशाचा त्रास होतो, ते विचारायला आलो."

"एकच वॉल्व्ह मी दोनदा तपासते. का, ते शोध. तुझा तो नकाशा घरी भिंतीला लाव."

मी एका कागदावर लिहिलं: प्रश्न काय, तो कुणाचा, वाट कुठून कुठपर्यंत बघायची, उत्तर मिळाल्यावर कोण काय बदलेल. खाली काय बघणार नाही तेही लिहिलं. ती यादीच मोठी झाली.

"एवढंच?" कागद वाचून साहेब म्हणाले.

"एवढंच," मी म्हणालो. त्यावर त्यांची सही होईपर्यंत जागचा हललो नाही.

मग आमची चूक दिसली. एका ऑर्डरमध्ये दहा-बारा वॉल्व्ह असत आणि आम्ही ऑर्डरचा माग काढत होतो. म्हणून तो गुंता. आता एकेका वॉल्व्हच्या नंबराचा माग धरला. एक सरळ वाट निघाली आणि तिच्यात एकच वळसा. ग्राहकाचा निरीक्षक तपासणी स्वतः बघणार असे, पण त्याला बोलावणं जाई ते ऑर्डरमधला शेवटचा वॉल्व्ह तयार झाल्यावर. तोवर आधीचे तपासून झालेले असत. तो आला की ते पुन्हा तपासणीच्या बाकावर चढत.

सहाव्या आठवड्यात मी साहेबांना ते चित्र दाखवलं. बाईंनाही मुद्दाम बोलावलं होतं.

"हे आपणच करतो?" साहेब म्हणाले.

"किती वर्षं सांगतेय," बाई म्हणाल्या. "याला भिंतीवरच्या त्या शेवया पुसायला लागल्या, तेव्हा तुम्हाला दिसलं."

सहकाऱ्यानं टेबलाखाली माझा हात दाबला. निरीक्षकाची तारीख आधी ठरवायची, असा नियम त्याच दुपारी निघाला. पुढच्या महिन्याच्या नकाशात वळसा नव्हता. साहेबांनी मला बोलावून पुढचं काम दिलं आणि म्हणाले, "या वेळी प्रश्न तूच लिहून आण." माझ्या व्हिसाचे कागद त्यांनी स्वतः पुढे पाठवले. मी गाडीत बसून, काचा बंद करून, मोठ्यानं ओरडलो. शोकात असलेल्या माणसाला ते शोभत नव्हतं. मला ते चालत होतं.

मुलीनं इथल्याच शाळेतून शिक्षण पुरं केलं. आता ती दुसऱ्या राज्यात नोकरी करते. तिच्या आईनं मांडलेलं घर आहे. मी त्यात राहतो.