वारा सरला का?

सकाळी सातच्या ठोक्याला मावशी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात शिरायच्या, बाह्या वर सारायच्या आणि एकेका खाटेशी वाकून हलक्या आवाजात विचारायच्या, "वारा सरला का?"

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या वॉर्डात याहून मोठा प्रश्न नव्हता. पोट उघडलं की आतडी रुसून बसतात, दोन-दोन, तीन-तीन दिवस हलायचं नाव घेत नाहीत. ती हलली, वारा सुटला, की मगच पाण्याचा घोट, मग चहा, मग काहीतरी पातळ. तोवर तोंडाला कोरड. चारचौघांत ज्या गोष्टीनं लोक नाक मुरडतात, तिची इथे अख्खं घरदार डोळे लावून वाट बघायचं. तरी भलेभले लाजून भिंतीकडे तोंड करायचे, कुणी नुसती मान हलवायचं. मावशी कधी हसल्या नाहीत, म्हणून त्यांना सगळे खरं सांगायचे.

चादरी बदलणं, अंग पुसणं, भांडं देणं, रुग्णाला कुशीवर वळवणं हे मावशींचं काम. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती, पण त्या कामाला ते नावच चिकटलेलं, त्यामुळे बापाच्या वयाची माणसंही त्यांना मावशी म्हणायची.

घरून त्या आईची विद्या घेऊन आल्या होत्या. आईकडे सगळी गल्ली यायची. बाळाचं पोट फुगलं, म्हाताऱ्याच्या बरगडीखाली वारा अडकला, कुणाला जेवण झालं की कळा सुरू झाल्या, की दार वाजायचं. भाजलेला ओवा गरम पाण्यात, आल्याचा रस, बडीशेपेचं पाणी, बेंबीभोवती कोमट तेलाचा हात, आणि उताणं झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे. मावशींच्या हातालाही तोच गुण आहे असं लोक म्हणायचे, आणि त्यांना ते ऐकायला आवडायचं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक गवंडी दाखल झाला. धिप्पाड, हसतमुख, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ऑपरेशन ठीक झालं, पण चौथा दिवस उजाडला तरी वारा सरेना. पोट घट्ट, ओठ फुटलेले. त्याची बायको मावशींच्या मागेमागे फिरत होती. डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. मावशींना वाटलं, ओवा आणि आलं काय औषध आहे? ते तर स्वयंपाकघरातलं. दुपारी त्यांनी घरून बाटलीतून काढा आणला आणि पडद्याआड त्याला चार-पाच चमचे पाजले. त्यानं डोळे मिटून गिळले आणि म्हणाला, "मावशी, जीव आला."

तासाभरात त्याला भडाभडा उलटी झाली. ठसका लागला, श्वास घुसमटला. धावपळ करून त्याला पुन्हा आत नेलं, पोट पुन्हा उघडलं. आतड्याला पीळ पडलेला सापडला. तिसऱ्या दिवशी गवंडी गेला.

काढ्याचं त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनंही तोंड उघडलं नाही. बिचारी उलट मावशींच्याच गळ्यात पडून रडली. मावशींनी बाटली घासून ठेवली आणि सगळं पोटात ठेवलं.

त्याच वर्षी त्यांचं स्वतःचं पोट बिघडलं. जेवण झालं की तडस लागायची, पोट ढमढम वाजायचं, डाव्या अंगाला कळ उठायची. आठवडाभर कोठा धरायचा, मग एका दिवसात पाच वेळा पळावं लागायचं. जखम असेल, गाठ असेल, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त नाही, वजन घटत नाही, आत काहीच नाही. "तुमचं आतडं हळवं आहे," असं त्यांना सांगितलं गेलं.

मग आईची सगळी विद्या त्यांनी स्वतःवर लावली. घास बारीक चावायचा, पोटभर न खाता दोन घास कमीच खायचे, दूध आणि कच्चा कांदा बंद, जेवण झालं की शंभर पावलं, कळ आली की गरम पाण्याची पिशवी. उतार पडायचा, पण बरं कधी वाटलं नाही. दुसऱ्या कुणाला मात्र त्यांनी पुन्हा कधी काही पाजलं नाही. शेजारच्या वहिनी ओव्याचं प्रमाण विचारायला आल्या की त्या आधी विचारायच्या, उलटी होते का, ताप आहे का, पोट दगडासारखं लागतं का? एकाला जरी हो म्हटलं तरी त्या चपला घालायच्या आणि स्वतः दवाखान्यापर्यंत सोबत जायच्या. मावशी जरा अतीच करतात, असं गल्लीत म्हणायचे.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. निवृत्तीला दोन महिने उरले असताना वॉर्डात एक निवृत्त हेडमास्तर आले. ताठ कण्याचे, मोजकं बोलणारे. ऑपरेशननंतर तिसरा दिवस उलटत आला तरी मावशींच्या प्रश्नाला ते खिडकीकडे बघत "अद्याप नाही" एवढंच म्हणायचे. भेटीच्या वेळी त्यांच्या पत्नी आल्या. मावशी चादर घेऊन आत वळल्या तर बाई थर्मासचं झाकण उघडत होत्या. वास ओळखीचा होता.

मावशींनी थर्मासवर हात ठेवला. बाई ओशाळल्या, म्हणाल्या, नुसतं ओव्याचं पाणी आहे, घरचंच, त्यानं काय होतंय.

"बाई, मीही असंच म्हटलं होतं," मावशी म्हणाल्या.

आणि तिथेच, खाटेच्या कडेला उभ्या राहून, त्यांनी गवंड्याची हकिगत सांगितली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त चादरीची घडी त्या परत परत दुमडत होत्या. बाईंनी थर्मासचं झाकण लावलं. हेडमास्तर डोळे मिटून पडले होते, पण ऐकत होते. मावशी थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मला उठवा. चालतो मी."

त्या संध्याकाळी मावशींनी त्यांना खांद्याचा आधार देत व्हरांड्यात तीन फेऱ्या मारायला लावल्या, मग डाव्या कुशीवर निजवलं. सकाळी प्रश्न विचारायच्या आधीच हेडमास्तरांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "मावशी, शाळा सुटली." शेजारच्या खाटेवरचा माणूस टाके सांभाळत हसला. मावशींचा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. गवंड्याचं पोट उघडणारे तरुण सर्जन तेच. आता केस पांढरे झाले होते. मावशींनी उभ्यानंच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"आधी नोकरी जाईल म्हणून. मग फार उशीर झाला म्हणून."

"पीळ आधीच होता," डॉक्टर म्हणाले. "तो चार चमच्यांनी पडत नाही. पण उलटी त्याच्या फुप्फुसात गेली होती. पोटात काही नसतं तर गेली नसती का, ते मला सांगता येत नाही. तेव्हाही आलं नसतं."

"म्हणजे चूक माझी होती."

"चूक होती. मरण त्यामुळेच आलं, असं मी म्हणणार नाही. खोटा धीर हवा असेल तर तो माझ्याकडे नाही."

"खोटा नकोच," मावशी म्हणाल्या.

पोट त्यानंतरही बरं झालं नाही. कळा येतात, पिशवी गरम करावी लागते. पण जेवताना आता त्या दोन घास मागून घेतात, हे त्यांच्या सुनेनं आधी हेरलं.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी नव्यानं लागलेल्या दोघी मुलींना मावशींच्या हाताखाली दिलं. मावशींनी त्यांना चादर बदलायला शिकवण्याआधीच गवंड्याची गोष्ट सांगितली, स्वतःची बाटली आणि चमचे यांच्यासकट. एकीचे डोळे भरून आले. दुसरीनं विचारलं, माणूस पाणी पाणी करून हातापाया पडायला लागला तर काय करायचं?

मावशींनी वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा बुडवून घट्ट पिळला आणि त्या मुलीच्याच ओठांवरून हलकेच फिरवून दाखवला. "एवढं," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्यापाशी बसायचं."