केशोरीतलं दुपारचं जेवण

दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. सारस पक्षी बघायचे म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवून मी गोंदियाहून केशोरीच्या बसमध्ये बसलो. केशोरीला उतरून चहाच्या टपरीवर टेकलो, तर बाकावरची चार माणसं अर्धे ग्लास तसेच ठेवून उठली.

साताऱ्याच्या आमच्या बँकेतल्या सहकाऱ्याचे मामा, तुळशीरामभाऊ, मला न्यायला आले होते. ते कळवळून म्हणाले, "ते दुर्बीन पिशवीत टाका जी! जंगलवाले (नक्षलवादी) म्हनतील पोलिसाचा मानूस, पोलीस म्हनतील जंगलवाल्याचा. अन् दोघंबी मलेच विचारतील."

सारस दिसले नाहीत. मी मात्र भाऊंच्या बांधीत (भातखाचरात) गुडघ्यापर्यंत रुतलो. शेतावर कामाला असलेल्या सुकमाबाईंनी मला ओढून काढलं. माझा एक बूट आतच राहिला, आणि त्या पोट धरून हसल्या.

दुपारी धुऱ्यावर (बांधावर) भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. वाढत होत्या सुकमाबाईच. त्या राज्याच्या सीमेपलीकडच्या गावातून इकडे आल्या होत्या. मी विचारलं, "गाव का सोडलं?"

"जेवन वाढलं म्हनून."

"म्हणजे?"

"जंगलवाले आले, भात मांगतला. बंदूकवाल्याले नाही म्हनून दाखवा तुमी! मंग वर्दीवाले आले. म्हने, त्याहिले काऊन जेवू घातलं? मी म्हनलं, बसा, तुमालेबी वाढते."

"मग?"

"बसले जी! पोटभर जेवले. हात धुतले अन् ढोली (धानाची कणगी) पेटवून देली. मंग घर. मंग गावच. म्हने, धान रायलं तं जंगलवाले खातील."

"अन् तू काय खाशील, हे कोनी इचारलं नाही," भाऊ म्हणाले. त्या हसल्या. मीही हसलो, आणि मग आठवलं. बँकेत चहाच्या वेळी 'आधी या नक्षलवाद्यांची रसद तोडा' असं टेबलावर हात आपटून मीच म्हणत आलो होतो. ती रसद आता समोर बसून मला आणखी भात घेण्याचा आग्रह करत होती.

परतताना पोलिसांच्या नाक्यावर बस थांबली. एका तरुण शिपायाने सहज विचारलं, "केशोरीत जेवलात कोणाकडं?"

माझ्या तोंडून निघालं, "जेवलोच नाही."

"अरेरे!" म्हणत त्याने डब्यातली दोन केळी काढून दिली. "खा आत्ताच, चक्कर येईल." भरल्या पोटी मी ती दोन्ही त्याच्यासमोर उभ्याने संपवली.

साताऱ्याला पोचेपर्यंत त्या हुशारीबद्दल मी स्वतःवर खूश होतो. घरी पाय धुताना लक्षात आलं, मी खोटं बोललो तर मला केळी मिळाली. सुकमाबाई खरं बोलल्या होत्या.