बाबांचा लाकडी कॅमेरा कोणता?

सकाळपासून चैन नाही, म्हणून इथे लिहितेय.

साठच्या दशकात चिकपेटेत आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला आणि त्यांचा लाकडी कॅमेरा विकावा लागला. आज अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला, घेऊन तो शोधत मल्लेश्वरमच्या, जुने कॅमेरे जमवणाऱ्या एका संग्राहकांकडे गेले. तिथे तसे दोन कॅमेरे होते. फोकस करताना एकाचा पुढचा भाग सरकायचा, दुसऱ्याचा मागचा; मधे कातड्याचा घड्याघड्यांचा भाता.

"बाबा मागचाच सरकवायचे," अण्णा म्हणाला. "पण आपला कातडी भाता लाल होता. हा काळा आहे."

"भाता मीच बदलला," संग्राहक म्हणाले. "जुना फाटला होता, टाकून दिला."

"लाल होता?"

"आठवत नाही हो."

ते कॅमेरा द्यायला तयार होते, तरी आम्ही तो न घेताच परतलो. अण्णा घरी येऊन जेवलासुद्धा नाही. खात्री नसताना तुम्ही तो कॅमेरा घरी आणला असता का?